गाडी शिकवणारे मास्तर

मास्तर लोकांना गाडी चालवायला शिकवत. शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं, पाय आपल्या बाजूच्या ब्रेकवर ठेवायचा आणि सगळं जग काचेतून बघायचं, यात त्यांची उभी हयात गेली. कोपऱ्यावरच्या दुकानात जायलाही ते गाडीच काढत.

एका सकाळी गाडी काही केल्या सुरू होईना. त्यांची ताई नर्स होती, दवाखान्यात सायकलवरून जायची. तिनं सायकल दारात आणून उभी केली.

"मला आज सुट्टी आहे. ही घेऊन जा."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, मास्तरांना पायसुद्धा आहेत."

मास्तर सायकलवर टांग टाकून निघाले. बाहेर दाट धुकं होतं. दोन-चार हेलकावे खाल्ल्यावर तोल सापडला आणि रस्ता एकदम मऊ झाल्यासारखा वाटला. बेकरीचा उबदार वास आला, विरून गेला. पुलाआधी चढ आहे, हे गुडघ्यांना पहिल्यांदाच कळलं. खाली नदी दिसत नव्हती, नुसती ऐकू येत होती. आपण पुढे चाललोय की पूलच हळूहळू मागे वाहतोय, काही समजेना. सिग्नलला खोळंबलेल्या गाड्यांचे दिवे धुक्यात पिवळे, पेंगुळलेले दिसत होते. त्यांच्या कडेनं मास्तर अलगद निघून गेले.

गाडी दुरुस्त झाली, तरी ताईकडे होती तशी एक सायकल त्यांनी स्वतःसाठी घेतलीच.

त्याच सुमारास वाचनालयातल्या बाई गाडी शिकायला आल्या. समोरून गाडी आली की त्या स्टिअरिंग सोडून डोळेच मिटत.

"बाई, आधी थोडे दिवस सायकल चालवा," मास्तर म्हणाले. "रस्त्याची ओळख होऊ दे. भीती आपोआप जाईल."

मास्तरांच्या ड्रायव्हिंग स्कूलचा मालक वैतागला. "मास्तर, आपल्याच पोटावर पाय देताय."

काही दिवसांनी बाई आल्या त्या सायकलवरूनच. गाल लाल झालेले, केस विस्कटलेले.

"मास्तर, भीती गेली. पण गाडीचं आता राहू द्या."

मास्तरांना क्षणभर वाईट वाटलं. शिकवणी गेली होती. मग त्यांना हसूच फुटलं.

"मग रविवारी नदीकाठानं येणार का? ताईपण असेल."

रविवारी तिघं निघाली. कोवळं ऊन होतं, वारा पाठीशी होता. पुढच्या वळणावरून परतायचं ठरलं होतं. पण वळण आलं, तेव्हा कुणीच ब्रेक दाबला नाही आणि तिघं तशीच पुढे जात राहिली.