कडुसं पडल्यावर

“फुगव छाती. अजून. बास!” भरतीचा जमादार फीत सोडत म्हणाला. चावडीपुढची माणसं हसली. नाथाजीला छाती फुगवायची गरजच नव्हती.

भामाबाई खाली पिंपळाजवळ उभी होती. बायका चावडीची पायरी चढत नसत.

“काय ल्योक हाय गं!” शेजारची दगडाबाई म्हणाली. “हवालदार बापावाणी बसऱ्याच्या लढाईवर जाणार बघ.”

“मग? तुझ्यावाणी चुलीपुढं बसवू?” भामाबाईनं सवयीनं फटकारलं, पण नजर नाथाजीवरून काढली नाही.

नाथाजीला दिवसा समोरचं लख्ख दिसे. बाजूचं मात्र दिसत नसे. ताटातली भाकरी दिसे आणि शेजारचा तांब्या लवंडे. संध्याकाळी कडुसं पडलं की तेवढंही मावळे. भामाबाईनं दारापासून गोठ्यापर्यंत काथ्याची दोरी बांधली होती. धुणं वाळायला, असं ती सांगे. “माझा ल्योक दिवेलागणीनंतर कुणाच्या दारात जात न्हाई. तुमच्या पोरांवाणी उंडगा न्हाई त्यो,” असंही ऐकवी. आळीला ते वळण वाटे.

उन्हाळ्यात तिनं त्याला मिरजेला नेलं. डॉक्टरनं दिवा धरून डोळ्यात पाहिलं. आतल्या पडद्यावर कोळिष्टकासारखे काळे डाग होते. नाथाजीला बाहेर बसवून तो म्हणाला, “हे रक्तातून येतं, बाई. औषध नाही. हळूहळू वाढेल. संध्याकाळनंतर विहिरीकडं पाठवू नका, नजर आहे तोवर हाताचं काम शिकवा. काही घरांत आईकडून मुलात येतं. मुलींना दिसतं नीट, पण त्यांच्या मुलांत उतरतं. माहेरी कुणाला होतं?”

“न्हाई,” ती म्हणाली.

होतं. भाऊ अर्जुनाला होतं. बापाच्या नांगराखाली नाग सापडला म्हणून घराला नागाचा कोप झाला, असं माहेरी शिराळ्यात म्हणत. भामाबाई दर पंचमीला उपास करी, पण मनातून निर्धास्त होती. लग्नानं कूळ बदललं, कोप माहेरच्या वेशीत राहिला. मिरजेहून आल्यापासून मात्र रोज दिवा लावताना अर्जुना उंबऱ्यात उभा राही. अंगावरचे कपडे निथळत, हात पुढं चाचपत. कडुशात विहिरीत पडून तो बुडाला, तेव्हा त्यानं “आक्का” म्हणून एकदाच हाक मारली होती.

“पास!” जमादार म्हणाला. “रात्रीचा पहारा जमंल न्हवं?”

“जमंल जी,” नाथाजी म्हणाला.

भर दुपारी भामाबाईच्या कानाशी ती हाक आली. ती चावडीची पायरी चढली.

“जमादार, घेऊ नगा त्याला. दिस बुडला की माझ्या ल्योकाला दिसत न्हाई.”

“आये, गप! काय बी बोलतीस!”

“बोलू दे. थितं तुझा हात धरायला मी न्हाई.”

बाजेवर बसलेले दादासो उठले. तिची लेक अंजना त्यांच्या घरात सून म्हणून जायची होती. “वैनी, कवापास्नं हाय हे?”

तिनं नाथाजीकडं पाहिलं, मग दादासोंकडं. इथवर सांगून थांबली असती तरी चाललं असतं.

“माज्या माहेरापास्नं. भावाला बी हुतं. आमच्या रगतात हाय. अंजनाला दिसतंय, पर तिच्या पोरांचं सांगता येत न्हाई.”

दादासोंनी पटका डोईवर ठेवला आणि कुणाकडं न बघता ते निघून गेले. जमादार फीत गुंडाळत राहिला. दगडाबाईनं पुढं होऊन भामाबाईच्या डोक्यावरून घसरलेला पदर सारखा केला.

अंजनाच्या सोयरिकीचा विषय पुन्हा निघाला नाही. ती दिवसभर जात्यावर बसे.

आणि रोज तिन्हीसांजेला आळीतली माणसं जाता-येता नाथाजीला आपली ओळख देऊ लागली. “मी दगडाबाई रं, डोस्क्यावर घागर हाय.” “नाथा, गाडी येती, पाय वर घे.” नाथाजी ओट्यावर बसलेला असे. पाय वर घेई, ओ देत नसे.

एका संध्याकाळी भामाबाई त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली.

“कोण?” त्यानं विचारलं.

“मी.”

त्यानं तोंड आवाजाकडं वळवलं नाही. एवढ्यानं भागलं नाही, हे तिला कळलं.

“मी, तुझी आय.”

तो ओट्यावर सरकला. जागा करायला की लांब व्हायला, ते अंधारात तिला दिसलं नाही.