मी, प्रभाकरकाकांचं ‘प्रसिद्ध करा’

मी बटण बोलतोय. शर्टाचं नाही आणि लिफ्टचंही नाही. ब्लॉगच्या सॉफ्टवेअरमध्ये लेख लिहून झाला, की जे दाबल्यावर तो जगाला दिसू लागतो, ते बटण. वाचकांना मी कधीच दिसत नाही. लिहिणाऱ्याच्या आतल्या खोलीत माझं बिऱ्हाड.

माझा जन्म जयपूरचा. मला घडवलं अनुयाने. ही नाशिकची मुलगी इथल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरच्या स्क्रीनची रचना करते आणि झोटवाड्यात प्रभाकरकाकांच्या घरी वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. तिला सगळं नाजूक आवडायचं. त्यामुळे मी जन्मलो तो फिकट राखाडी, अंगावर एक इवलासा बाण घेऊन. अक्षर एकही नाही. माझ्या एका बाजूला ‘जपून ठेवा’, दुसऱ्या बाजूला ‘काढून टाका’, तेही असेच मुके. ऑफिसात सगळे “एकदम क्लीन है” म्हणाले. मीही फुशारलो, खोटं कशाला बोलू.

काका विमा कंपनीतले अधिकारी. बदलीवर जयपुरात आले आणि निवृत्तीनंतर इथेच राहिले. काचबिंदूने त्यांची नजर हळूहळू गेली. टायपिंग मात्र बोटांत भिनलेलं, आणि स्क्रीनवरचं सगळं कॉम्प्युटर त्यांना वाचून दाखवतो. इथल्या मराठी मंडळींसाठी ते ब्लॉग लिहीत. पण लेख चढवायचं काम मुलाचं, निलयचं. चढवता चढवता तो लेख कापायचा. काकांनी डोळ्यांबद्दल एखादी ओळ लिहिली, की नेमकी तीच जायची.

“बाबा, लोकांना कशाला सांगायचं? मतलब, सगळे उगाच कीव करतील,” तो म्हणायचा. बापाची कीव त्याला सहन होत नसे, एवढंच. पण काकांना एकदा तरी आपला लेख आपल्या हाताने, जसाच्या तसा जगापुढे ठेवायचा होता.

म्हणून अनुयाने मोठ्या हौसेने मला त्यांच्यापुढे आणलं. काकांनी चाकसूच्या शीतला मातेच्या मेळ्यावर लेख लिहिला, शेवटी डोळ्यांबद्दलची ओळ घातली आणि मला शोधू लागले. कॉम्प्युटर म्हणाला, “बटण.” काका पुढे सरकले. “बटण.” आणखी पुढे. “बटण.” त्यांनी अंदाजाने तिसरं दाबलं आणि अख्खा लेख पुसला गेला. मी शेजारीच होतो. हाक मारायला मला आवाज होता, पण सांगायला नाव नव्हतं.

अनुयाला रडू आलं. उलट काकाच तिची समजूत घालू लागले. “अगं, मी लोकांना विम्याचा फॉर्म द्यायचो, तेव्हा पेन्सिलने फुल्या मारून द्यायचो. फुली दिसेल तिथे सही करा, बाकी वाचत बसू नका. लोक बिनबोभाट करायचे. त्यांना काय वाटत असेल, ते आज कळलं.”

मग माझी दुरुस्ती झाली. नाव मिळालं, गडद रंग मिळाला. ‘काढून टाका’ची रवानगी लांबच्या कोपऱ्यात झाली, आणि विचारल्याशिवाय काही पुसायचं नाही अशी तंबीही त्याला मिळाली. अनुयाने डोळे मिटून सगळं करून पाहिलं. फटाफट जमलं. खूश होऊन ती खाली आली, तर काका लिहायच्या जागेपर्यंतच पोहोचेनात. आधी एकेचाळीस मेनू ऐकायचे होते, आणि एकही न गाळता ते ऐकत होते.

“तू डोळे मिटलेस, पण स्क्रीनवरचं हे घर तुला पाठ आहे,” काका म्हणाले. “मी इथे पाहुणा आहे.”

त्यानंतर पंधरा दिवस अनुया रोज संध्याकाळी त्यांच्याशेजारी गप्प बसली. मदत करायची नाही, फक्त ते कुठे अडतात ते लिहून घ्यायचं. बोलायची एवढी सवय असलेल्या मुलीला ते फार जड गेलं. पण त्यातून थेट लिहायच्या जागी नेणारी वाट तयार झाली.

काकांनी मेळ्याचा लेख पुन्हा लिहिला. शेवटची ओळ होती, “मला आता दिसत नाही.” निलय मागे उभा होता. “बाबा, एकदा मी बघून घेऊ का?” त्याने विचारलं. काकांनी नकारार्थी मान हलवली आणि मला दाबलं. “लेख प्रसिद्ध झाला,” कॉम्प्युटर म्हणाला.

तासाभरात प्रतिक्रिया आली. कॉम्प्युटरने ती निलयच्या समोरच वाचली.

“प्रभाकर, मी जयंत. गेल्या वर्षी चारदीवारीत, जुन्या शहरात, समोरून जाऊनही तू ओळख दिली नाहीस, म्हणून मी तुझ्याशी बोलणं सोडलं. मला हे कुणी सांगितलंच नाही रे. उद्या सकाळी येतो. दारातूनच मोठ्याने नाव सांगेन.”

मग निलय खाली बसला आणि त्याने बाबांच्या गुडघ्यावर हात ठेवला. “मला वाटलं, मी तुम्हाला सांभाळतोय,” तो म्हणाला.

आता मी पुष्कळ लोकांच्या स्क्रीनवर असतो, ठळक आणि जरा जाडजूड. नाजूकपणा गेला, त्याचं मला वाईट वाटत नाही. स्क्रीन घडवणाऱ्यांनो, तुम्हाला एकच विनंती आहे. काम झालं असं वाटलं, की ज्याला ते दिसणार नाही त्याच्याशेजारी जाऊन गप्प बसा.

बरं, निघतो. काकांचा नवा लेख लिहून झालाय आणि ते थेट माझ्याकडेच येताहेत.