निनोंगचा शब्द

अन्सेल्मो गातदुलाच्या खानावळीत मॅच बघायला बसायचं म्हणजे दोन कोच सहन करायचे. एक टीव्हीवरचा, दुसरा तव्यामागचा. टीव्हीवरचा निदान पगार घेऊन ओरडायचा. सेल्मो फुकट ओरडायचा, आणि तेही हातात उलथणं घेऊन.

पाम्पांगा प्रांतातल्या ग्वाग्वा गावात बास्केटबॉल कळत नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. पण सेल्मोला जरा जास्तच कळायचं. ‘हबागात’ संघाचा कोच व्हिर एस्गेरा हा त्याच्या लेखी देवानं घाईघाईत उरकलेला माणूस होता.

“अरे, समोरच्यांचा तो अमेरिकन कोपऱ्यातून सटासट तीन-तीन गुण ओढतोय, आणि हा शहाणा पोरांना जागा धरून उभं करतो! झोन म्हणे झोन! मग कोपरा कोणी सांभाळायचा, ह्याच्या सासूनं?”

मग व्हिनेगरची बाटली टेबलावर यायची. ती म्हणजे अमेरिकन. कालामान्सीची पाच लिंबं म्हणजे आपले खेळाडू. सेल्मो ती लिंबं सरकवून दाखवायचा, एस्गेराला जन्मात सुचणार नाही असा बचाव रचायचा. एखाद्या गिऱ्हाइकानं सिसिगच्या परतलेल्या मांसावर पिळायला त्यातलं लिंबू उचललं, तर हातावर चापट बसायची. “ठेव खाली! डिफेन्स आहे तो!”

“उभ्या जन्मात ह्यांचा एक चेंडू रिंगला शिवला नाही,” त्याची बायको लुर्देस चुलीपाशी पुटपुटायची, “आणि चालले उंटावरून शेळ्या हाकायला.”

लोक हसायचे. सेल्मोही हसायचा. पण ह्या सगळ्या आरडाओरड्याच्या मुळाशी एक पोरगा होता, आणि त्याच्या बाबतीत सेल्मो अजिबात हसायचा नाही.

आर्जे मानालास्तास सेल्मोच्याच गल्लीतला. बाप लहानपणीच गेलेला, आई दुसऱ्यांच्या घरी धुणी धुणारी. सेल्मोनं त्याला शाळेची सगळी वर्षं आपल्या खानावळीत जेवू घातलं, कॉलेजच्या संघाच्या दारात स्वतः नेऊन उभं केलं, आणि आर्जेच्या लग्नात निनोंग म्हणून चर्चमध्ये तोच त्याच्या शेजारी उभा राहिला. लग्नातला निनोंग म्हणजे देवासमोर पत्करलेला बाप. सख्ख्या बापाला एखाद वेळी उलट बोलता येतं, निनोंगला नाही. आता आर्जे हबागातकडून गार्डच्या जागी खेळत होता, आणि टीव्हीवर त्याचं नाव घेतलं गेलं की सेल्मो दोन मिनिटं तवा विसरायचा.

त्या वर्षी हबागात उपांत्य फेरीत पोचला. आधी चार सामने जिंकेल तो पुढे. पाच सामने झाले तेव्हा समोरच्यांचे तीन होते, आपले दोन. म्हणजे आता एक हरलो की संपलं. आणि नेमका पाचव्या सामन्यात आर्जेचा गुडघा मुरगळला. दुसऱ्या दिवशी कोच एस्गेरानं जाहीर केलं, सहाव्या सामन्यात आर्जे खेळणार नाही, त्याच्या गुडघ्याला विश्रांती देतोय.

सेल्मोचा नुसता तिळपापड झाला.

“विश्रांती! हरल्यावर सहा महिने विश्रांतीच आहे की! गुडघा जपून ठेवून काय लोणचं घालणार आहे?”

“बरोबर आहे, तातांग!” गिऱ्हाइकं ओरडली. सगळं गाव त्याला तातांग, म्हणजे बाबा, म्हणायचं.

टाळ्या मिळाल्या की सेल्मोला चेव चढायचा. तो मागच्या अंगणात गेला आणि फोन लावला. लुर्देस तिथेच तांदूळ धूत होती.

“गुडघा कसाय रे?”

“सूज उतरलीय, निनोंग. पण वळताना आत काहीतरी सरकल्यासारखं वाटतं.”

“चालता येतं ना?”

“येतं.”

“मग झालं तर. अरे, ह्या दिवसांत सगळ्यांचंच काही ना काही दुखतं. कोचनं विचारलं की सांग, बरा आहे म्हणून. तो मठ्ठ आहे, त्याला काय कळतंय. बाकीचं मी बघतो.”

बाकीचं तो काय बघणार होता, ते त्याचं त्याला ठाऊक.

“बरं, निनोंग,” आर्जे म्हणाला.

लुर्देसनं तांदळातलं पाणी ओतून दिलं आणि नवऱ्याकडे बघितलं.

सहाव्या सामन्यात आर्जे उतरला. काय खेळला म्हणून सांगू! समोरच्यांच्या अमेरिकनला त्यानं कोपऱ्यात पाय ठेवू दिला नाही. खानावळीत माणसं बाकांवर चढली. सेल्मोनं लिंबं हवेत उधळली, “बघा, बघा, मी काय सांगत होतो!” म्हणत लुर्देसला मिठी मारली. शेवटच्या डावात आर्जेनं उडी मारली, चेंडू रिंगमध्ये टाकला आणि खाली आला. कोणाचा धक्का नाही, कोणी जवळही नव्हतं. एकटाच खाली आला, आणि त्याचा गुडघा माणसाचा गुडघा जिकडे वळत नाही तिकडे वळला.

सामना हबागातनं जिंकला. खानावळीत कोणी टाळी वाजवली नाही. सातवा सामना त्याच्याशिवाय झाला आणि ते हरले.

मग सगळ्या देशानं एस्गेराला धारेवर धरलं. जखमी पोराला खेळवलं, त्याचं आयुष्य नासवलं, हा कोच की खाटीक? रेडिओवर तेच, फोनवर तेच, चर्चच्या पायऱ्यांवर तेच. वार्ताहरांनी घेरलं तेव्हा एस्गेरा एवढंच म्हणाला, “निर्णय माझा होता.”

खानावळ तर तुडुंब भरायला लागली. लोकांना सेल्मोची जीभ ऐकायची होती.

“तातांग, तुम्ही का गप्प? बोला ना!”

सेल्मोनं वर बघितलं. सगळी तोंडं त्याच्याकडे लागली होती. खरं सांगायचं तर त्याच क्षणी सांगता आलं असतं. पण तो म्हणाला, “मी तर आधीपासून बोंबलतोय. त्या माणसाला खेळाडूची किंमतच नाही.”

लोकांनी टेबलं बडवली. सेल्मोचा लसूण तव्यात करपला. खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही. त्या दिवसापासून त्याला स्वतःच्या हातचं अन्न गोड लागेना. टीव्हीवर ते पडणं पुन्हा दाखवायला लागले की तो भांडी घासायला मागे जायचा. आपण हे केलं, आपण, हे त्याला लख्ख कळत होतं, आणि तरी जीभ उचलत नव्हती. एवढी वर्षं न थांबणारी जीभ.

“आर्जेकडे कधी जाणार?” लुर्देसनं एवढंच विचारलं. रोज विचारलं.

अखेर एका रविवारी दुपारी तो हाडांच्या रश्श्याचं पातेलं घेऊन गेला. आर्जे खाटेवर होता, पाय मांडीपासून घोट्यापर्यंत जखडलेला. त्याच्या बायकोनं, मारिविकनं, डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. पुढचा हंगाम गेलाच. त्यापुढचं कोणी बोलत नाही.

“बसा निनोंग, जेवून घ्या,” म्हणून तिनं ताट वाढलं. सेल्मो ताटाकडे बघत बसला.

तेवढ्यात दारात कोच एस्गेरा उभा राहिला. एकटाच, हातात पपनसांची पिशवी. टीव्हीवर दिसायचा त्यापेक्षा बुटका, म्हातारा.

पाम्पांगात वीजमीटर वाचायला आलेल्यालाही जेवायला बोलावतात. मारिविकनं त्याला ‘या’सुद्धा म्हटलं नाही.

“त्याला दुखत होतं, ते तुम्हाला दिसलं नाही?” तिनं विचारलं.

“शंका होती,” कोच म्हणाला. “मी विचारलं. तो म्हणाला, बरा आहे. मी ऐकायला नको होतं. चूक माझीच.”

“चूक! तुमची चूक, आणि पाय ह्याचा!”

कोचनं मान खाली घातली. “मला काढलंय संघानं. पण पायाच्या डॉक्टरांशी मी बोलत राहीन, एवढं सांगायला आलो.”

सेल्मोनं आर्जेकडे बघितलं. आता हा बोलेल. बोलावं, एकदाचं सुटेन. पण आर्जे भिंतीकडे तोंड करून पडला होता, आणि त्याचे ओठ घट्ट मिटलेले होते. उठताना सेल्मोचा धक्का ताटाला लागला.

“मी सांगितलं त्याला,” तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. “मारिविक, मी फोन केला होता. कोचला बरा आहे म्हणून सांग, असं मीच म्हटलं. दुखतंय हे मला ठाऊक होतं गं.”

“निनोंग, राहू द्या,” आर्जे भिंतीकडे बघतच म्हणाला.

“राहू द्या कसं? ह्या माणसाला मी गावभर—”

“मला माहीत होतं,” कोच मधेच म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, हेच वाईट होतं. “ॲम्ब्युलन्समध्ये त्यानं सांगितलं. कळवळत होता बिचारा, तरी माझा हात सोडेना. म्हणाला, कोच, निनोंगचं नाव बाहेर काढू नका. त्यांची गावात खानावळ आहे, माणसं येतात, त्यांना जड जाईल. मी त्याला शब्द दिला.”

मारिविक स्वयंपाकघरात गेली, दुसरं ताट घेऊन आली आणि कोचसमोर ठेवलं.

“जेवा,” ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. सेल्मोकडे तिनं पाहिलं नाही.

सेल्मो दाराकडे वळला.

“निनोंग.”

आर्जे कोपरावर रेलून अर्धवट उठला होता, दात आवळून. हात पुढे केला होता. निघणाऱ्या वडीलधाऱ्याचा हात धरून कपाळाला लावायचा, आणि वडीलधाऱ्यानं म्हणायचं, देव तुझं भलं करो, बाळा. लग्नाच्या आधीपासून हा पोरगा तसंच करत आला होता.

सेल्मो परत खाटेपाशी आला. आर्जेनं त्याचा हात घेतला, आपल्या तापलेल्या कपाळाला लावला आणि तसाच धरून वाट बघत राहिला. त्यापेक्षा त्यानं थोबाडीत मारली असती तर सेल्मोला सोसवलं असतं. त्यानं तोंड उघडलं. आशीर्वाद काही केल्या बाहेर येईना.