सुलतानचं सातवं पिल्लू

अर्जावर सात पिल्लं लिहिली होती. हिंदुरावांनी चष्मा लावून आकडा पाहिला आणि कागद परत ढकलला.

"सहा करा मॅडम. सही करतो."

ज्योत्स्ना बारामतीहून स्कूटरवर सणसरला आली होती. पायाशी ठेवलेल्या क्रेटमध्ये चाळीस दिवसांचं तपकिरी पिल्लू झोपलं होतं. तिच्या रेवा नावाच्या डॉबरमन कुत्रीला हिंदुरावांच्या सुलतानपासून सात पिल्लं झाली. सहा काळी, हे एक तपकिरी. जातिवंत म्हणून पिल्लांची नोंद व्हायची तर नराच्या मालकाची सही लागते. अर्जाची मुदत शनिवारी संपत होती.

"सात झालीत, आबा. सहा कशी लिहू?"

"सुलतान काळा, तुमची कुत्री काळी. हे मातीच्या रंगाचं कुठनं आलं? तुमच्या वस्तीवर गावठी कुत्री मोकाट असत्यात. शिरलं आसंल एखादं."

ज्योत्स्नाच्या वडिलांनी लोणी भापकरची वस्ती सोडून बारामतीत फ्लॅट घेतला, त्याला बावीस वर्षं झाली होती. हिंदुरावांना ते ठाऊक होतं.

"मी तिसऱ्या मजल्यावर राहते," ती म्हणाली. "आणि रेवा माजावर होती ते सगळे दिवस तुमच्या गोठ्यात होती. कडीला कुलूप तुमचं, चावी तुमची. गावठी शिरलं असेल तर इथंच शिरलं."

दारात उभा असलेला हिंदुरावांचा मुलगा राजवर्धन खाली मान घालून हसला.

"दात काय काढतोस?" हिंदुराव त्याच्यावर ओरडले. मग तिच्याकडे वळले. "तुमी शिकलेली माणसं. कायदा बोलायला लई पटाईत. रंगावरनं जात कळती, बाई. पन्नास वर्षं जनावरं पाळतोय मी."

"नुसत्या रंगावरून नाही कळत. डॉबरमनमध्ये तपकिरीही असतात. आईबापांनी दोघांनी दिला तरच तो रंग पिल्लावर दिसतो, आणि काळ्या कुत्र्याच्या पोटात तो लपून राहू शकतो. रेवाचा बाप तपकिरी होता, तिच्या कागदावर आहे. आता सुलतानचा कागद बघू."

सुलतानचं वंशावळीचं प्रमाणपत्र समोरच्या भिंतीवर होतं. सोनेरी चौकट, काच, खाली प्लॅस्टिकचा हार. येणाऱ्या प्रत्येकाला हिंदुराव ते दाखवत. ते इंग्रजीत होतं, आणि आजवर कुणी वाचून दाखवा म्हटलं नव्हतं.

"वाच रं," हिंदुराव म्हणाले. "कळू दे मॅडमला."

राजवर्धन चौकटीपुढे गेला. सुलतानचं नाव, जन्मतारीख, बाप काळा. आईच्या ओळीवर बोट ठेवून तो थांबला.

"वाच की!"

"आई... ब्राऊन अँड टॅन."

"म्हंजे?"

"म्हंजे हाच रंग, आबा." त्यानं क्रेटकडे पाहिलं.

आतून हिंदुरावांची बायको प्रयागबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "पाच वर्षं त्या काचंला फडकं मारतीया मी. आन् आत काय लिवलंय ते आज कळतंय व्हय?"

"तू आत जा." हिंदुरावांचा आवाज चढला. "कागदावर कोन काय बी लिवतं. खोटा हाय कागद."

"चालेल," ज्योत्स्ना म्हणाली. तिनं फोन काढला. "आपल्या डॉबरमनवाल्यांच्या ग्रुपवर तेवढंच टाकते. सुलतानचा कागद खोटा आहे, असं आबा स्वतः म्हणाले."

हिंदुरावांनी पेन मागितलं. सही करताना कागद फाटेल इतकं दाबलं. आकडा सातच राहिला.

ती अर्ज पिशवीत ठेवत होती तेव्हा ते उठले आणि त्यांनी तपकिरी पिल्लू मानगुटीला धरून उचललं. पिल्लू केकाटलं.

"वेतातलं पयल्या पसंतीचं पिल्लू नरवाल्याचं. रिवाज हाय. मी हे घेतो."

"काय करणार त्याचं?"

"माजं मी बगीन. सुलतानचं म्हनून चारचौघांत हे फिरायचं न्हाय."

ज्योत्स्नानं फोनवर ग्रुप उघडला आणि मोठ्यानं वाचलं. "'रेवाच्या वेतात गावठी रक्त आहे. माझ्या वाट्याचं पिल्लू मी सोडलं. त्यातलं एकही मला नको. हिंदुराव.' एकोणीस तारीख. एकशे बारा लोकांनी वाचलंय. द्या ते इकडं."

हिंदुरावांनी मुलाकडे पाहिलं. राजवर्धन भिंतीकडे बघत राहिला. मग त्यांनी पिल्लू वरूनच क्रेटमध्ये सोडलं.

"परत या दारात पाय ठिवायचा न्हाय."

"नाही ठेवणार." पिल्लाच्या पायांवरून हात फिरवून तिनं चारही पाय धड आहेत याची खात्री केली आणि क्रेट उचललं.

स्कूटर चालू होण्याआधी तिला आतलं ऐकू आलं.

"राज्याची आई, ती चौकट काढ खाली."

"पुसायची ती मी पुसली," प्रयागबाई म्हणाल्या. "काढायची तर तुमी काढा."