नखाएवढं चामडं

सेवेरिन हा आमच्या खोऱ्यातला सगळ्यात टापटिपीचा माणूस. सरपणाचा ढीगसुद्धा ओळंबा लावून रचणार. आम्ही त्याची चेष्टा करायचो, पण या टापटिपीतून एवढं रामायण घडेल असं कुणाला वाटलं नव्हतं.

त्याची रायफल मधून मोडून एकच गोळी भरायची, तसली. चढावर पाठीला जड होत नाही, म्हणून आल्प्समध्ये आम्हा शिकाऱ्यांना तीच आवडते. पण गोळी एकच, तेव्हा ती लागायलाच हवी. सेवेरिनची रायफल मात्र लहरी. शंभर मीटरवर एक गोळी डावीकडे, तर पुढची चार बोटं वर. अखेर उन्हाळ्यात झेखनरमास्तरांनी ती ताब्यात घेतली. पंचाहत्तरी उलटली तरी खोऱ्यातल्या सगळ्या बंदुका त्यांच्याच हातून दुरुस्त होत. नळीखालचं लाकूड पुढच्या बाजूला नळीला रेटत होतं. ते त्यांनी आतून खरवडलं आणि मागे बिजागरीपाशी नखाएवढं चामडं बसवलं, म्हणजे लाकूड मागे घट्ट धरावं आणि पुढे नळी मोकळी राहावी. झालं! तीन गोळ्यांची भोकं बिअरच्या बुचाखाली झाकली जाऊ लागली. सेवेरिनला त्यांनी एवढंच बजावलं, "ते लाकूड काढू नकोस."

ऐकेल तो सेवेरिन कसला! सप्टेंबरात त्याने स्वयंपाकघरात रायफल पुसायला घेतली आणि लाकूड काढलंच. आत तेलाने काळा पडलेला कसलासा तुकडा दिसला. म्हाताऱ्याचा पसारा, असं पुटपुटत त्याने तो चुलीत टाकला.

पुढच्याच आठवड्यात कड्यावरच्या एका गाम्सला, म्हणजे डोंगरी रानशेळीला, त्याची गोळी खांद्याऐवजी पोटात लागली. कुत्र्याने तिला हुडकेपर्यंत दुपार झाली आणि तोवर ती जिवंत होती. मग ती संपल्यावर शिकाऱ्यांच्या रिवाजाप्रमाणे तिच्या तोंडात शेवटचा घास म्हणून सेवेरिनने हिरवी डहाळी ठेवली. त्याला स्वतःची शरम वाटली. पण ती गिळायची सोडून त्याने मास्तरांच्या गळ्यात घातली. खानावळीत चारचौघांत म्हणाला, "म्हाताऱ्याचे हात गेले रे आता. रायफली दुसरीकडे न्या."

बोलणं पोचायचं तिथे पोचलं. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी त्याला रायफल घेऊन दुकानात बोलावलं. गंमत बघायला शेजारचा काजेतानही सोबत गेला. लाकूड काढून मास्तर बराच वेळ आत बघत राहिले.

"चामडं कुठंय?"

"कसलं चामडं?"

"इथे बसवलेलं. तू लाकूड काढलं होतंस का रे?"

चुलीत काय गेलं ते सेवेरिनला आत्ता कळलं. काजेतान मिशीत हसत उभा होता.

"छे! तुम्ही नको म्हणाला होता ना, मास्तर? मी कशाला हात लावू?"

मास्तर हळूच स्टुलावर बसले. "मग मी बसवलंच नाही," ते म्हणाले. "मला तर बसवल्याचं लख्ख आठवतंय."

त्यांनी नवं चामडं बसवलं आणि काजेतानच्या देखत माफी मागितली. आणि या पठ्ठ्याने ती घेतलीसुद्धा!

तीन आठवड्यांनी दुकानाला कुलूप लागलं. लोकांच्या रायफली न उघडताच परत गेल्या. मास्तरांची मुलगी ट्राउडल सेवेरिनला बेकरीत भेटली आणि पाव हातात धरून रडायला लागली. "शहरातल्या डॉक्टरने तपासलं. डोकं ठणठणीत आहे म्हणतो. पण बाबा ऐकतील तर ना! म्हणतात, न केलेलं काम ज्याला केल्यासारखं आठवतं, त्याने बंदुकीला हात लावू नये, उद्या कुणाच्या तरी तोंडावर फुटेल. दिवसभर खिडकीशी बसून असतात रे."

सेवेरिन पाव न घेताच बाहेर पडला. आपण एका शहाण्या माणसाला वेड्यात काढलंय, हे त्याला चालता चालता पुरतं उमगलं. तो तडक मास्तरांकडे गेला. ते खरोखरच खिडकीशी बसले होते. हात मांडीवर, रिकामे.

"मास्तर, चामडं तुम्ही बसवलं होतं. मीच... मीच काढलं. चुलीत टाकलं. खोटं बोललो तुमच्याशी."

हे बोलताना त्याची जीभ अडखळत होती, कान तापले होते आणि नजर फरशीवरून हलत नव्हती.

मास्तर हसले. "ट्राउडलने पाठवलं ना तुला?"

"नाही हो! देवाशपथ नाही!"

"भला आहेस. म्हाताऱ्यासाठी एवढं करतोयस. पण खोटं बोलणं तुझं काम नव्हे रे, सेवेरिन. त्या दिवशी मी विचारलं, तेव्हा कसं ताडकन, माझ्या डोळ्यांत बघून सांगितलंस. आणि आज? आज मानसुद्धा वर होत नाही तुझी."

सेवेरिनने मान वर करून बघितली. होईना.