फ्राउकेच्या खिडकीतलं माझं घर

समोरच्या फ्राउकेच्या खिडकीतून जे काही दिसतं, ते सगळं माझं आहे. लाल विटांचं घर माझं, पांढऱ्या चौकटी माझ्या, खिडकीतले दोन सारखे दिवे आणि त्यांच्यामधलं जिरेनियमचं फुलझाड माझं. मधला कालवा तेवढा सरकारचा, आणि तोही इतका अरुंद की आवाज न चढवता पलीकडे बोलता येतं. पण नाव झालं ते फ्राउकेचं.

जगभरातली माणसं आपापल्या खिडकीत कॅमेरा लावतात आणि बाहेर जे दिसेल ते एका वेबसाइटवर दाखवतात. त्यात घडत काही नाही. कुठे दोरीवरचे कपडे हलतात, कुठे बस येऊन थांबते. ते बघायला माणसं तासन् तास बसतात. फ्राउके तर तिथंच राहायला गेली होती. नेदरलँड्समधल्या आमच्या फ्रीसलँडबाहेर ती आयुष्यात फारशी पडली नाही, पण दुकानात भेटली की सुरू व्हायची, "काल मी लिस्बनला होते गं. खाली एक म्हातारा मासे भाजत होता." नाहीतर, "पेरूमध्ये आज काय धुकं!"

"आणि तुझ्या घरी काय शिजत होतं?" मी विचारायची.

मग वसंतात तिनं स्वतःच्याच खिडकीत कॅमेरा लावला. झालं! ब्राझीलमधल्या कुणीतरी लिहिलं की इतकं शांत घर मी उभ्या जन्मात पाहिलं नाही. जपानमधल्या कुणाला जिरेनियम फार आवडलं. फ्राउके हे सगळं मला वाचून दाखवायची आणि वर लाजून म्हणायची, "लोकांना किती आवडतो ना माझा देखावा!"

माझा देखावा म्हणे! झाडाला पाणी मी घालते, काचा मी पुसते, आणि देखावा हिचा.

मग मीही कॅमेरा आणला. माझ्या खिडकीतून तिचं घर दिसतं, म्हणजे तिचं गॅरेज आणि कचऱ्याचे डबे. आठवडाभरात तिघांनी पाहिलं. त्यातली एक फ्राउके. तिनं खाली लिहिलं होतं, "छान!" मी कॅमेरा काढून कपाटात कोंबला.

इथवरही मी सोसलं असतं, पण येले बोलला आणि मी पेटले. येले माझा एकुलता एक. न्यूझीलंडमध्ये गायींच्या गोठ्यावर काम करतो. तो जायला निघाला तेव्हा मी त्याच्याशी धड बोललेही नव्हते. दर रविवारी त्याचा फोन येतो: हवा कशी आहे, गुडघा कसा आहे, बरं, ठेवू का? त्या रविवारी तो सहज म्हणाला, "संध्याकाळी जेवताना मी फ्राउके मावशीची खिडकी लावून ठेवतो, आई."

"रोज?"

"रोज. बरं वाटतं."

"मी माझी लावली होती, ती नाही पाहिलीस!"

तो हसला. "तुझ्या खिडकीत काय बघू, मावशीचं गॅरेज?"

मी फोन ठेवला आणि हातातलं फडकं आपटलं. मला आठवड्यातून एकदा, तेही गुडघ्यापुरतं, आणि तिला रोज! हिच्या दोन्ही मुली गावातच, नातवंडांचा सतत राबता. तरी हिला माझाही मुलगा हवा? माझा नुसता जळफळाट झाला.

सोमवारी सकाळी मी पुढच्या खोलीचे जाड पडदे ओढून घेतले. आमच्याकडे दिवसा कुणी पडदे ओढत नाही. येणाऱ्याजाणाऱ्यानं खुशाल आत बघावं, लपवण्यासारखं काही नाही हे त्याला दिसावं, अशी इथली रीत. माझे पडदे भरदिवसा शेवटचे ओढले होते ते नवरा गेला त्या दिवशी, इथल्या रिवाजाप्रमाणे. कड्या गंजल्या होत्या, जोर लावावा लागला. घे बाई, म्हटलं, दाखव आता ब्राझीलला! मग कपड्यांची टोपली उचलून मी मागच्या अंगणात गेले. फोन घरातच राहिला. कितीतरी दिवसांनी मी गाणं गुणगुणत कपडे वाळत घातले.

आत आले तर कुणीतरी दार बडवत होतं. उघडलं तर फ्राउके. एप्रनवर कोट, पायात घरातल्या सपाता, चेहरा पांढराफटक. तिच्या मागे बेकरीवाली बाई डोळ्यांना रुमाल लावून उभी.

"सीत्स्के! अगं, तू आहेस?"

"नसायला काय झालं मला?"

"मग पडदे कशाला ओढलेस, मेले!" ती रडत रडत माझ्यावर ओरडली आणि हातातला फोन तिनं माझ्या कानालाच लावला. "तूच बोल त्याच्याशी. मला काय बोलावं कळेना."

पलीकडे येले हुंदके देत होता. एवढा मोठा बाप्या! "आई? किती फोन केले मी तुला! पडदे दिसले आणि मला वाटलं, बाबांसारखं तूही..."

"कपडे वाळत घालत होते मी. पण तू बघतोस फ्राउकेचा देखावा, माझ्या पडद्यांचं तुला काय?"

"देखावा कुणाला बघायचाय? मी तुला बघत होतो. तुझ्या सकाळच्या कॉफीची, म्हणजे इथल्या माझ्या संध्याकाळच्या जेवणाची वेळ झाली होती. तू डब्यातून एक बिस्किट घेतेस, झाकण लावतेस, मग इकडेतिकडे बघून आणखी एक घेतेस. ते झालं की मी जेवणावरून उठतो. रोज."

फ्राउकेनं नाक पुसलं. "कॅमेरा त्यानंच लावायला सांगितला मला. तुला विचारलं असतं तर तू त्यालाच फाडून खाल्लं असतंस. कुणाला सांगू नको म्हणाला, मग मी नाही सांगितलं. ब्राझीलवाले आपसूकच आले."

तिचं खरं होतं, मी हो म्हटलंच नसतं. तरी त्यानं मला सोडून तिला विचारलं, हे मला त्या क्षणीही डाचलं आणि अजून डाचतं. मी पडदे उघडले आणि तिला दारापर्यंत पोचवताना बजावलं, "कॅमेरा थोडा डावीकडे वळव. माझी खुर्ची अर्धीच येत असणार."

दुसऱ्या दिवशी मी ठेवणीतला ब्लाउज घालून खिडकीत बसले. एक बिस्किट घेतलं, झाकण लावलं. मग इकडेतिकडे न बघता दुसरं घेतलं आणि काचेसमोर उंच धरलं. समोर फ्राउकेला वाटलं, मी तिलाच दाखवतेय. तिनं दोन्ही हात हलवले.

हलवू दे बापडीला. ते बिस्किट तिच्यासाठी नव्हतं.