सतरा जागांची रुजुवात

चौतीस वर्षं मी कोर्टात टायपिस्ट होते आणि माझ्या हातून गेलेला एकही कागद कधी परत आला नाही. हे मी फुशारकीने सांगते, कारण पुढे जे सांगायचं आहे त्यात फुशारकीला जागा नाही.

आमचे हे, म्हणजे सुकदेव सर, धुळ्यातल्या एका कॉलेजात गणित शिकवायचे. निवृत्त झाले, पण गणित काही निवृत्त झालं नाही. देवपुरातल्या आमच्या घरात कोऱ्या पाठीचा कागद शिल्लक राहत नाही. लग्नपत्रिका, लाइटबिल, कॅलेंडरची गेल्या महिन्याची पानं, सगळ्यांच्या पाठीवर यांची ग्रूप थिअरी, म्हणजे यांच्या गणिताची शाखा. मी ती कॉम्प्युटरवर उतरवते. गणिताची चिन्हं कशी टाइप करायची ते मला अफरीनने शिकवलं. ही यांची विद्यार्थिनी, आता जळगावला विद्यापीठात संशोधन करते, तिथेच मेहरूण भागात राहते. मला अर्थ कळत नाही, पण न कळता सुबक टाइप करायची मला कोर्टापासून सवय आहे.

गेल्या वर्षी अफरीन आणि यांनी मिळून एक पेपर लिहिला. तिचा विषय मॉडेल थिअरी. अगदी मोजक्या चिन्हांच्या भाषेत एखाद्या ग्रूपबद्दल काय काय म्हणता येतं आणि काय म्हणताच येत नाही, असं काहीतरी ते असतं. तिच्या मोठ्या प्रमेयाला एक पायरी कमी पडत होती. ती यांनी दिली. पायरीला लेमा म्हणतात. यांच्या डोक्यात तो लेमा एकोणीस वर्षं होता. आपल्या एकट्याच्याच कामाचा म्हणून पडून राहिलेला. तो कोणाच्या तरी उपयोगी पडला म्हणून हा माणूस आठवडाभर गुणगुणत होता.

जानेवारीत परदेशी मासिकाचं उत्तर आलं. तपासणाऱ्याने लिहिलं होतं की लेखकांनी एक्स-वाय आणि वाय-एक्स एकच धरले आहेत, त्यामुळे लेमा खोटा ठरतो, आणि ही चूक दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही शोभत नाही.

यांनी छापील पान काढलं, चष्मा पुसून पाहिलं. होतंच तसं. एका जागी असतं तर टायपिंगची चूक म्हणून सोडलं असतं. सतरा जागी होतं.

"एकतीस वर्षं पयल्या तासले हेच शिकाडं मी," हे म्हणाले. "क्रम बदलू नका. आनि मीच बदली टाका."

मी घाबरले, पण चुकीमुळे नाही. यांचे मोठे भाऊ झुलालभाऊ भुसावळला रेल्वेत होते. दोन वर्षांपूर्वी भाजी आणायला गेले आणि स्वतःचं घर कुठलं ते विसरले. तेव्हापासून या माणसाला एकच धास्ती, आता आपली पाळी. आम्ही त्यावर कधी बोललो नाही, पण चावी सापडली नाही की यांचा चेहरा कसा होतो ते मी बघत आले होते.

दुसऱ्या दिवशी यांनी दोन कामं सांगितली. अफरीनला कळव, पेपरवरून माझं नाव काढून टाक म्हणावं. आणि हे सगळे कागद रद्दीत दे.

मी कागद फडक्यात बांधले तोच अफरीनचा फोन आला. "मावशी, सरांची हाताने लिहिलेली पानं आहेत ना? सर असं लिहूच शकत नाहीत. मी आधी सरांच्या पानांचे फोटो वाचले होते, तेव्हा सगळं बरोबर वाटलं होतं. टाइप केलेलं मात्र मी परत वाचलंच नाही. म्हटलं मावशींनी केलंय."

पानं होती. निकाल लागेपर्यंत मूळ कागद टाकायचा नाही, ही कोर्टातली शिस्त. मी फडक्याची गाठ सोडली. एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर यांच्या तिरप्या अक्षरात लेमा होता. वरच्या अर्ध्या भागात एक्स-वाय. खालच्या अर्ध्या भागात स्वच्छ, ठसठशीत वाय-एक्स. सतरा वेळा.

आणि मला आठवलं. टाइप करताना मला वाटलं होतं, हे काय गबाळं लिहिणं, वर एक रीत आणि खाली दुसरी! शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं, एक्स आधी, वाय नंतर. वकिलांच्या मसुद्यांत असलं मी रोज सरळ करायचे, न विचारता, आणि लोक आभार मानायचे. मी कॉम्प्युटरला सांगितलं, सगळीकडे बदल. त्याने एका क्षणात बदललं. मी वर म्हटलंही होतं, चला, सरांची लाज राखली.

अफरीनला मी म्हटलं, "शोधते, मग सांगते." खोटं बोलले. पानं माझ्या मांडीवर होती.

तो सगळा दिवस मी गप्प राहिले. गप्प म्हणजे तोंडाने नाही, तोंड तर नुसतं चालू होतं. गॅसवाल्याशी भांडले, भाजीवाल्याची वांगी नासकी ठरवली. चौतीस वर्षांचं स्वच्छ नाव जात होतं आणि ते मला सोडवत नव्हतं. स्वतःला समजावलं, सत्तरीच्या माणसाने आता आराम केला तर काय बिघडलं? अशी मी वाईट बाई आहे.

संध्याकाळी वांगी भाजत होते. हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. हातात कॅलेंडरचा चौकोनी तुकडा.

"लता, यावर आपला पत्ता आनि तुन्हा फोन नंबर लिखी दे. मोठ्या अक्षरमा. खिसामा ठेवस."

मी गॅस बंद केला. लिहून दिला. देवपूर, गल्ली, घर नंबर, माझं नाव. यांनी नीट घडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवली, आणि खिशावर हात ठेवून खात्री करून घेतली. तेवढं मला बघवलं नाही. माझं स्वच्छ नाव गेलं खड्ड्यात.

मी आत जाऊन लग्नपत्रिका आणली आणि यांच्यापुढे धरली. "चूक तुमनी नही, मन्ही शे. तुम्ही बरोबर लिखेल व्हतं. मीच बदली टाकं, बठ्ठं, सतराच्या सतरा जागी."

यांनी पत्रिका घेतली. खिडकीशी नेऊन बोट ठेवून एकेक जागा वाचली. मी ओरडा खायला तयार होते, खरं तर मला तो हवाच होता. हे वळले तेव्हा डोळ्यांत पाणी होतं.

"म्हन्जे माले याद व्हतं?" हे म्हणाले.

एवढंच. मासिक नाही, अपमान नाही, माझा उद्योग नाही. मला रडू कोसळलं. हा माणूस दोन दिवस काय घेऊन घरात वावरत होता, आणि त्यातला एक पूर्ण दिवस माझ्यामुळे, जाणूनबुजून.

तेही मी सांगितलं. यांनी पत्रिका ओट्यावर ठेवली. मग म्हणाले, "एक दिवस व्हय? माले वाटनं, तू त्या भाजीवालावर खरीच चिडनी."

मग माझी शिकवणी झाली. यांनी ओट्यावरची काडेपेटी चित्र वर करून ठेवली. मी समोर, माझ्या एका हाताला खिडकी. पेटी आधी माझ्या दिशेने लोळवली, मग डावीकडे वळवली, तर चित्र खिडकीकडे. पुन्हा पहिल्यासारखी ठेवली. आधी वळवली, मग लोळवली, तर चित्र माझ्याकडे. त्याच दोन क्रिया, फक्त आधी कोणती आणि मग कोणती.

"एवढंच होय!" मी म्हटलं. "वांगं आधी भाजायचं, मग ठेचायचं. आधी ठेचून मग भाजलं तर कोण त्याला भरीत म्हणेल?"

"हाईच सांगाले माले आख्खा तास लागे," हे म्हणाले.

अफरीनला फोन केला. ती हसली, मग रडली, मग म्हणाली की मासिकाला कळवू, टायपिंगचा दोष होता. मी म्हटलं, नीट लिही. टायपिस्टने न विचारता क्रम बदलला, आणि टायपिस्ट लेखकाची बायको आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सतराही जागा पुन्हा वाय-एक्स करून नवी नक्कल छापली आणि आम्ही रुजुवातीला बसलो. रुजुवात म्हणजे एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने नकलेवर पेन्सिलीने खूण करत जायची. कोर्टात रुजुवातीशिवाय मी एक ओळ सोडली नाही. घरात मात्र इतक्या वर्षांत कधी केली नाही. नवऱ्याच्या कागदाची कसली रुजुवात!

हे वाचत गेले, वाय-एक्स. मी हं म्हणत खूण करत गेले. अकरा जागा झाल्या. बाराव्या जागेला हे म्हणाले, "एक्स-वाय."

माझ्या नकलेत वाय-एक्स होतं. पूर्वी मी न विचारता खूण करून मोकळी झाले असते. आता पेन्सिल थांबवली. काडेपेटी उचलून यांच्यापुढे ठेवली. यांनी तिच्याकडे पाहिलं, पत्रिकेकडे पाहिलं.

"वाय-एक्स," हे म्हणाले. "बघत व्हतू, ध्यान शे का तुन्हं."

यांनी माझी परीक्षा घेतली, की हे खरंच चुकले, मला कळलं नाही. मी विचारलंही नाही. पत्त्याची चिठ्ठी अजून शर्टाच्या खिशात होती, वरचा कोपरा दिसत होता. ती काढा, असं म्हणणार होते, म्हटलं नाही. असू दे.

मी बाराव्या जागेवर खूण केली आणि म्हटलं, "पुढे वाचा. मी बसलेय इथे."

हे वाचू लागले.